आईच्या दाराचं नवं कुलूप

आई गेल्यावर सुकापूरच्या तिच्या फ्लॅटच्या दोन चाव्या उरल्या. एक माझ्याकडे पुण्यात आणि दुसरी धाकट्या भावाकडे. तो बायको आणि मुलीसह विचुंब्याला भाड्याने राहतो, तळोज्याच्या एका कारखान्यात पाळीने काम करतो. फ्लॅटचं काय करायचं ते आमचं ठरत नव्हतं. मी विकण्याचा विषय काढला की तो गप्प व्हायचा, आणि तो गप्प झाला की मला वाटायचं, याच्या मनात काहीतरी वेगळंच शिजतंय.

अधूनमधून मी जाऊन साफसफाई करून यायचे. एका फेरीत लक्षात आलं, ओट्यावरचा मिक्सर नाही. कपाटं उघडली, पलंगाखाली वाकून पाहिलं. नाही. मग मी आणखी काय नाही ते शोधायलाच लागले. आईच्या दोन चांगल्या सोलापुरी चादरीही दिसेनात. भावाला सरळ फोन करून विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला संशय आलाय हे त्याला कळलं असतं. न विचारता तो संशय मला मनातल्या मनात खुशाल बाळगता येत होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. दुसऱ्या मजल्यावरचा एक बंद फ्लॅट कुणीतरी फोडला होता. ज्यांची घरं बंद असतात त्यांनी चांगली कुलपं बसवून घ्यावीत, असं सेक्रेटरींनी लिहिलं होतं. मला हवं होतं ते कारण आयतंच मिळालं.

पुढच्या शनिवारी पनवेलच्या बाजारात चावीवाला शोधत फिरले. पहिला भेटला तो फुटपाथवर बसून नुसत्या डुप्लिकेट चाव्या घासून देणारा. "मॅडम, तसलं कुलूप माझं काम नाय," म्हणाला आणि मशिदीच्या बाजूच्या एका दुकानाकडे बोट दाखवलं. तिथले चाचा लगेच स्कूटरवर पेटी टाकून घरी आले. जुनं लॅच काढलं, दाराला ड्रिलने खाच पाडली, नवं जाडजूड कुलूप आत बसवलं. लाकडाचा भुसा उंबऱ्यावर पडत होता. आई असती तर तेवढ्यात दोनदा झाडू फिरवला असता.

"बेफिकीर राहा," चाचा म्हणाले. "ही चावी बाजारात कोणी बनवून देणार नाही. कंपनीचं कार्ड दाखवावं लागतं. पाच चाव्या आहेत. घरात माणसं किती?"

"मी एकटीच," मी म्हणाले.

त्यांनी पाचही चाव्या माझ्या हातात ठेवल्या. परतीच्या बसमध्ये त्या पर्समध्ये एकमेकींवर वाजत होत्या. भावाला उद्या सांगू, असं म्हणत मी खिडकीबाहेर पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी सांगितलं नाही. तिसऱ्याही नाही.

मग समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंचा फोन आला.

"अगं, तू कुलूप बदललंस का? तुझा भाऊ आला होता दुपारी. चावी लागेना त्याची."

"हो, ते चोरीचं झालं ना, म्हणून..."

"बरं केलंस. मी त्याला म्हटलं, ताईने तुला सांगितलं नाही का? तर म्हणाला, सांगितलंय काकू, मीच विसरलो. हातात पिशवी होती, तशीच घेऊन गेला."

मी खुर्चीवर बसले. काकू बोलतच होत्या. "दुपारपाळी असली की यायचा गं तो. डबा तुमच्या घरातच खायचा, घटकाभर आईच्या पलंगावर पडायचा, मग कामावर. मी एकदा म्हटलं, अरे, माझ्याकडे जेव. तर म्हणाला, नको काकू, मला तिथेच बरं वाटतं."

मी मध्येच मिक्सरचं विचारलं.

"मिक्सर? तो माझ्याकडे आहे की! माझा जळला तेव्हा तुझ्या आईनेच दिला होता. ती गेल्यावर परत करायचा राहूनच गेला. विचारायचंस तरी."

त्या रविवारी मी चावी घेऊन विचुंब्याला गेले. वहिनीने चहा टाकला. भाऊ नेहमीसारखाच बोलला. पुतणीच्या शाळेचं, रस्त्यावरच्या खड्ड्यांचं. मी चावी पुढे केली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली.

"भारीतलं दिसतंय कुलूप."

"चोरी झाली ना रे. घाईघाईत बसवून घेतलं, तुला सांगायचं राहिलं."

"हो, कळलं मला," तो म्हणाला आणि आतून एक पिशवी आणून माझ्याजवळ ठेवली. "या आईच्या चादरी. मी झोपायचो त्यांच्यावर, म्हणून धुवायला आणल्या होत्या. परत ठेवायला गेलो होतो, पण..."

वाक्य त्याने तिथेच सोडलं. चादरींना साबणाचा वास येत होता, घड्या कडक इस्त्रीच्या होत्या. खरं सांगायची तीच वेळ होती. माझ्या तोंडातून निघालं, "छान धुतल्यास रे." आणि चहा झाला.

तो भांडला असता तर मला सोपं गेलं असतं. मीही दोन शब्द बोलले असते, रडले असते, आईची शपथ घातली असती. तसं काही झालं नाही. त्याने चावी किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली आणि मला स्टँडपर्यंत सोडायला आला. वाटेत मी म्हटलं, "विकायची घाई नाही आपल्याला." तो म्हणाला, "तू म्हणशील तसं, ताई."

आता त्याची दुपारपाळी असली की सकाळीच माझ्या फोनवर मेसेज येतो: 'ताई, आज घरी जाऊन बसू का जरा?'

पहिल्यांदा मी लगेच फोन केला होता. "अरे, मला काय विचारतोस? तुझंही घर आहे ते."

"तसं नाही गं. तुला माहीत असलेलं बरं," तो शांतपणे म्हणाला.

त्यानंतरही तो विचारतोच. मी ऑफिसात असते, समोर काम पडलेलं असतं. 'जा' असं लिहिते, मग ते खोडून 'जा ना रे' लिहिते, आणि त्यापुढे काय लिहावं ते अजून सुचलेलं नाही.