टेबलाखालचा पंखा

वाळूजच्या एका लहानशा टूलरूममध्ये आम्ही दोघे प्लास्टिकच्या वस्तूंच्या मोल्डची, म्हणजे साच्यांची, डिझाइनं करायचो. टेबलं शेजारी, खाली कॉम्प्युटरची कॅबिनेटं सारखी. तो मुकुंदवाडीहून यायचा, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. मोठे मोल्ड त्याच्याकडे असत. शेकडो भागांचं मॉडेल स्क्रीनवर फिरवायला गेलं की त्याचा कॉम्प्युटर जागीच थिजायचा. म्हणून मालकांनी खास थ्रीडी डिझाइनसाठीचं, स्वतःचा पंखा असलेलं ग्राफिक्स कार्ड मागवलं, त्याच्यासाठी. बसवायचं काम माझ्याकडे आलं, कारण कॉम्प्युटरचं सगळं मीच बघत असे.

सुट्टीच्या दिवशी जाऊन मी ते माझ्या कॅबिनेटमध्ये बसवलं.

मी सीनियर होतो, माझंही मशीन जुनं होतं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. खोटं आहे ते. तो माझ्यापेक्षा चांगला डिझायनर होता आणि मालकांना ते दिसायला लागलं होतं. एवढंच.

माझं मॉडेल आता सरसर फिरायचं. त्याचं तसंच अडकायचं. मग तो फिरवायचंच टाळू लागला. रद्दी प्रिंटच्या पाठीवर पेन्सिलीनं आडवा छेद काढायचा, साचा गार ठेवणाऱ्या पाण्याची भोकं कुठं पिनांना आडवी जातात ते डोक्यातच बघायचा आणि मगच माउसला हात लावायचा. चूक क्वचितच निघे. पण वेळ लागायचा, आणि मालक वेळ बघत. कार्ड दिलं तरी याची बैलगाडीच, असं ते एकदा सगळ्यांसमोर म्हणाले. लोक हसले. मीही हसलो.

चार महिन्यांनी त्याला डिझाइनमधून काढून स्टोअरला टाकायचं घाटत होतं. मालकांनी माझं मत विचारायला केबिनमध्ये बोलावलं. मी उठलो, तसा तो स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला, "सर, नवा पंखा तुमच्या टेबलाखाली वाजायलाय. पहिल्या दिवसापासून ऐकायलोय. म्हटलं, तुम्हीच सांगताल."

दोन स्क्रू काढून त्यानं माझ्या कॅबिनेटचं झाकण उघडलं असतं तरी पुरे होतं. त्यानं कधी उघडलं नाही.

केबिनमध्ये मी म्हणालो, "माणूस प्रामाणिक आहे, पण स्पीड नाही."

तो स्टोअरला गेलाच नाही. त्याच संध्याकाळी टेबल रिकामं करून गेला. अर्धवट मोल्डचे पेन्सिलीचे कागद तेवढे माझ्या कीबोर्डवर ठेवले होते. त्यांवरून मी तो मोल्ड पुरा केला. कुठंही बदल करावा लागला नाही. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात, डिझायनरच्या रकान्यात, माझं नाव आहे.