सत्तेचाळिसावा पत्रा

माझे धाकटे दीर, ज्यांना मी भावजी म्हणते, त्यांच्याविषयी मी हे लिहीत आहे. त्यांनी एकतीस वर्षे एकाच टगबोटीच्या इंजिनखोलीत नोकरी केली. टगबोट म्हणजे मोठ्या जहाजांना जाड दोराने ओढून धक्क्याला लावणारी बोट. ती दिसायला लहान, परंतु अंगाने दणकट असते. भावजींची बोट त्यांच्यापेक्षाही वयाने मोठी आहे. बंदराने तिला कामावरून काढले तेव्हा ती भंगारात जाणार होती. भावजींसह काही माणसांनी अर्ज करून ती मागून घेतली आणि स्वतःच्या हातांनी दुरुस्त करण्याचे ठरवले. तिला नुसते शोभेसाठी उभे करायचे नाही, पुन्हा चालवायचे, असा त्यांचा निश्चय होता.

या मंडळींच्या प्रमुख एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांना सर्वजण हेडबाई म्हणतात. त्यांच्याबरोबर एक सुतार, दोन वेल्डर आणि एक दातांचे डॉक्टर आहेत. डॉक्टर दर रविवारी तळाचा गंज खरवडतात आणि म्हणतात, "दातांवरचं किटण बरं. निदान पेशंट तोंड तरी उघडतो!"

मी साठीनंतर प्रौढवर्गात लिहायला शिकले. माझा गृहपाठ भावजीच तपासत असत. माझे अक्षर मोठे आहे आणि माझे हात तेलकट नसतात, म्हणून बोटीवरची वही माझ्याकडे आली.

बोटीवर भावजींना जो मान होता, तो त्यांच्या कानांमुळे. बोटीचा तळ लोखंडी पत्र्यांचा असतो. हातोडीने ठोकल्यावर चांगला पत्रा खणखणतो. आतून गंजून पातळ झालेल्या पत्र्याचा आवाज बसका येतो. वरून रंग दिलेला असला की डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून एकाने ठोकायचे, त्यानेच ऐकून "चांगला" किंवा "खराब" म्हणायचे आणि दुसऱ्याने तसे लिहायचे, अशी बोटीवरची जुनी रीत होती. लिहिणाऱ्याने स्वतःची अक्कल चालवायची नाही. भावजी तरुणपणापासून ठोकणारे होते. त्यांनी "चांगला" म्हटल्यावर तो पत्रा दुसऱ्यांदा कोणी तपासत नसे.

परंतु गेल्या दोन वर्षांत त्यांना ऐकू येईनासे झाले होते. ही गोष्ट फक्त घरात ठाऊक होती. माझी जाऊ म्हणायची, "यांच्या कृपेने शेजाऱ्यांना टीव्ही घ्यावा लागला नाही." कानाच्या यंत्राचा विषय काढला की भावजी जेवणावरून उठून जात. बोटीवर मात्र ते लोकांच्या ओठांकडे पाहून वेळ मारून नेत.

त्या वर्षी बोट कोरड्या गोदीत, म्हणजे पाणी उपसून टाकलेल्या मोठ्या हौदात, ठोकळ्यांवर उभी केली होती. पुढच्या महिन्यात सरकारी तपासनीस येणार होते. त्यांना एकही गळका पत्रा सापडला असता, तर परवाना नाकारला गेला असता आणि बोट भंगारवाल्याकडे गेली असती. त्यांना सापडला नसता आणि पाण्यात फुटला असता, तर काय झाले असते ते सांगायला नको.

एका रविवारी सकाळी आम्ही दोघांनी ठोकणीला सुरुवात केली. एकशे बारा पत्र्यांवर खडूने आकडे घातले होते. भावजी ठोकत, मान तिरकी करत आणि म्हणत, "चांगला." मी लिहीत असे. सत्तेचाळिसाव्या पत्र्यावर हातोडी पडली आणि ओल्या लाकडावर पडल्यासारखा आवाज आला.

"चांगला," भावजी म्हणाले.

माझा हात थांबला. रीतीप्रमाणे मी लिहायला हवे होते. मी ती जागा कोरी सोडली. पुढे त्रेपन्नावा आणि एकसष्टावाही तसाच बोलला. भावजींचे दोन्ही वेळा तेच उत्तर होते.

आता त्यांना सांगायचे कसे? हळू बोलले तर त्यांना ऐकू येणार नाही, आणि ओरडून बोलले तर साऱ्या गोदीला कळेल. त्यांचा बोटीवरचा मान मला प्रिय होता, परंतु त्या बोटीत उद्या माणसे बसणार होती. अखेर मी वहीच्या मागच्या पानावर लिहिले, "भावजी, तीन पत्र्यांचा आवाज बसका आला. तुम्हाला ऐकू आला नाही." आणि वही त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी चष्मा लावला. ओळ वाचली, पुन्हा वाचली. मग माझ्याजवळ वाकून, आपण कुजबुजत आहोत अशा समजुतीने ते म्हणाले,

"वहिनी, मला ऐकू येत नाही हे इथे कुणाला कळता कामा नये!"

गोदीत तो आवाज घुमला. खरवडण्याचा आवाज एकदम थांबला. मग सर्वांनी काही ऐकलेच नाही असे दाखवून पुन्हा खरवडायला सुरुवात केली. डॉक्टर तर स्वच्छ जागाच खरवडू लागले. भावजींनी एकेकाकडे पाहिले. ते ओठ वाचण्यात तरबेज होते, त्यांना चेहरे वाचता येणार नाहीत का?

हेडबाई पुढे आल्या. "काका, चहा घेऊ या का आधी?" त्यांनी मोठ्याने विचारले.

"चहा नको," भावजी म्हणाले. ते सत्तेचाळिसाव्या पत्र्याकडे गेले आणि हातोडीच्या टोकदार बाजूने त्यांनी सगळी ताकद लावून घाव घातला. टोक आत रुतले. ओढून काढल्यावर तिथे भोक पडलेले दिसले.

त्यांनी त्या भोकात करंगळी घातली. बराच वेळ काढली नाही.

"बाई," ते हेडबाईंना म्हणाले, "आजची माझी सगळी ठोकणी रद्द करा. मी दोन वर्षं लपवलं. वहीवर विसंबू नका."

"मग ठोकणार कोण?" सुताराने विचारले. भावजींना ऐकू गेले नाही, म्हणून त्याने समोर येऊन पुन्हा विचारले.

"ठोकणार मीच. हात अजून मेलेला नाही. ऐकतील वहिनी."

"मी? भावजी, मला कसं जमेल?"

"आज तीन पकडलेत. मला एकही सापडला नाही." ते हसले नाहीत. "वही डॉक्टरांकडे द्या. दाढांचे आकडे लिहितात ते, पत्र्यांचेही लिहितील."

आम्ही पहिल्या पत्र्यापासून पुन्हा आरंभ केला. त्यांनी ठोकले आणि माझ्या ओठांकडे पाहिले.

"बरा वाटतो," मी म्हणाले.

"वाटतो असलं इथे चालत नाही. चांगला की खराब?"

"पुन्हा ठोका."

त्यांनी पुन्हा ठोकले. मी डोळे मिटून ऐकले.

"चांगला."

भावजींनी खडूने खूण केली आणि दुसऱ्या पत्र्यापुढे जाऊन उभे राहिले.