देवाला सांगितलेला पत्ता

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. वर्दी उतरवली, रक्तदाबाची गोळी सुरू झाली, तरी टीव्हीवर कुणी 'सुरक्षा भागीदारी' म्हणालं की मी उठून अंगणात जातो. बायको म्हणते, आता कशाला जीवाला त्रास? पण राग काय निवृत्तीचा आदेश बघून जात नाही.

तेव्हा मी कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात पोलीस उपनिरीक्षक होतो. आमच्याकडच्या केसेस ठरलेल्या. चोरटी लाकूडतोड, रामनगरच्या रस्त्यावरचे ट्रकचे अपघात, उळवीच्या जत्रेचा बंदोबस्त. आखाती देशांतल्या तेलाशी ठाण्याचा संबंध जीपमध्ये डिझेल भरण्यापुरता, असं मला वाटायचं.

एका सकाळी हजेरी चालू असताना डोंगरातल्या वाडीवरची एक बाई दोन बस बदलून आली. तिचा नवरा वनखात्यात रोजंदारीवर राखणदार होता. वर्षापूर्वी तो आखातात तेलाच्या टाक्यांवर पहारेकरी म्हणून गेला होता. आता तिकडं लढाई पेटली होती, तेलाच्या टाक्यांवर ड्रोन पडत होते, आणि अकरा दिवस त्याचा फोन नव्हता.

"बाई, ही परराष्ट्र खात्याची बाब. दोन सरकारांचा सुरक्षा भागीदारीचा करार झालाय, ते बघतील," मी म्हणालो आणि तिला परत पाठवलं. स्टेशन डायरीत नोंदसुद्धा केली नाही. हे मी मुद्दाम लिहितोय. पुढं मी बऱ्याच जणांवर संतापणार आहे, तर सुरुवात स्वतःपासून झालेली बरी.

चौथ्या दिवशी ती पुन्हा दारात उभी.

"सायेब, सरकार बगतंय म्हणालासा. कुठनं बगतंय? माझ्या न्हवऱ्याचं नाव तरी ठावं हाय का त्येला?"

मी चिडून फोन उचलला, परराष्ट्र खात्याच्या मदत केंद्राला लावला. तिकडचा माणूस फार सभ्य. माणसं परत आणायची यादी कंपन्यांकडून येते, म्हणाला, त्यात तुमच्या माणसाचं नाव नाही. तो पाहुणा म्हणून मिळणाऱ्या व्हिसावर उतरलाय, त्यामुळं नोकरीची नोंद नाही. कंपनी कुठली, बंदर कुठलं ते कळवा, आम्ही वकिलातीचा माणूस पाठवतो.

म्हणजे पत्ता पाहिजे. पत्ता मिळाला तर माणूस सुटणार, नाही तर तिथंच राहणार. आणि बाईकडं होतं फक्त एक कार्ड. त्यावर दोन देशांचे झेंडे, खाली एजंटाचं नाव. नंबर बंद, नावाचा माणूस कुठं अस्तित्वातच नाही.

त्या एजंटानं काय केलं होतं ऐका. दोन देशांचे मंत्री हातात हात घालून उभे असलेला वर्तमानपत्रातला फोटो त्यानं प्लास्टिकमध्ये मढवून घेतला होता. तो दाखवून सांगायचा, या करारातली ही भरती, देशाचं काम आहे, गुप्त ठेवायचं, कंपनीचं नाव बायकोलाही सांगायचं नाही. आमच्या डोंगरातला माणूस साधा. आयुष्यभर अस्वलं आणि लाकूडचोर यांच्यामागं फिरला, कुणी पाठीवर हात ठेवला नाही. देशानं आपल्याला बोलावलं म्हटल्यावर छाती फुगवून गेला बिचारा. बायकोनं विचारलं तर 'सांगायचं न्हाई' एवढंच फोनवर बोलायचा.

खबर दिली रामनगरच्या बसस्टँडवरच्या पानवाल्यानं. बाजाराच्या दिवशी एक जण तसाच फोटो घेऊन हॉटेलात ट्रकवाल्यांशी गप्पा मारत बसतो, म्हणाला. पुढच्या बाजाराला आम्ही साध्या कपड्यांत जाऊन त्याला उचलला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात माळ, आणि गाव खानापूरकडचं, म्हणजे माझ्याच मुलखातला. मला तर अंगाची लाही लाही झाली.

चौकशीत गडी पक्का निघाला. आधार कार्डावरचं नाव वेगळं, एजंटाच्या कार्डावरचं वेगळं.

"साहेब, मी नुसता गाडीवाला. गोव्याच्या विमानतळावर सोडलं, विषय संपला. एजंट मुंबईचा कोण तरी होता."

"कुठल्या कंपनीत पाठवलं?"

"मला काय माहीत? आणि खरं सांगू का, दोन देशांचा मामला आहे. जोयड्यात बसून तुम्ही काय करणार?"

माझा हात उचलला गेला होता. आमचा हवालदार कानडी, त्यानं मधे पडून "बेडा सर, बेडा," म्हणत माझा हात धरला. नको म्हणाला ते बरोबरच होतं. पण ऐकून घेणं किती अवघड होतं!

मी बाहेर आलो. ओळख पटवायला बोलावलेली बाई बाकावर बसली होती. मी खानापूरकडचा, त्यामुळं एक प्रश्न सुचला, तो आधी सुचायला हवा होता.

"तुझा नवरा निघाला तेव्हा देवापुढं गाऱ्हाणं घातलं होतं?"

"घातलं की! गाऱ्हाणं न घालता कोन उंबरा वलांडंल? पर ह्यो तुमी धरल्याला एजंट म्हणाला गुप्त हाय, म्हणून आमाला भायर काढलं. आत तिघंच. ह्यो, माझा न्हवरा आनि बुधवंत आज्जा."

बुधवंत म्हणजे गावचा मानकरी. कुणी परमुलखात निघालं की देवापुढं नारळ ठेवून, कोण, कुणाचा, कुठं, कुणाच्या भरवशावर, हे मोठ्यानं सांगायचा मान त्याचा. ऐकणारे दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोन पंच आणि आरोपीला घेऊन डोंगर चढलो. म्हातारा अंगणात कोन म्हणतात ते जाडजूड कंद धूत बसला होता. मी विचारलं, तर मान हलवली.

"आत घातलेलं गाऱ्हानं मी भायर सांगत न्हाई. ज्येनं नारळावर हात ठेवला, त्येला उंबऱ्यावर आना. त्येच्यासमोर देवापुढंच बोलीन."

"आणलाय," मी म्हणालो.

देवळाच्या उंबऱ्याशी त्यानं सगळ्यांना पायताणं काढायला लावली, मलाही. मग डोळे मिटले आणि घडघडा सुरू झाला. आरोपीचं नाव, बापाचं नाव, गाव, कुळाचा देव. आधार कार्डाशी अक्षर न् अक्षर जुळत होतं. मग देश, बंदर, कंपनी, टाक्यांचा नंबर. नावं मी इथं लिहीत नाही, पण म्हाताऱ्यानं एकही चुकवलं नाही.

"...ह्येच्या भरवशावर आमचा पोर चाल्लाय म्हाराजा. दोन वर्सांनी ह्योच त्येला ह्या उंबऱ्यावर आनून उभा करनार. म्हण, व्हय म्हाराजा!"

आरोपीनं गळ्यातली माळ मुठीत धरली. मग उंबऱ्यावर डोकं टेकलं.

"आज्जा, तुम्हाला एवढं पाठ कसं?" मी विचारलं.

"दर सोमवारी सांगतो न्हवं का. पत्ता न्हाई सांगितला तर देव राखन कुठं करनार?"

मी आरोपीकडं वळलो. "साऱ्या जगाला खोटं नाव सांगितलंस, आणि इथं खरं?"

"आमच्या घरातही गाऱ्हाणं घालतात साहेब," तो खाली बघत म्हणाला. "देवाला खोटा पत्ता कसा सांगू?"

अरे माणसा! देवाला खोटं सांगायला जीभ वळत नाही, आणि एका बाईचा नवरा आगीच्या तोंडाशी उभा करताना तुला काही वाटलं नाही? मी देवळातच ओरडलो. बुधवंतानंही मला गप्प केलं नाही.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, हे मला ठाऊक होतं. पण तिच्यावरून सापडलेला कागद टिकतो. आरोपीनं सांगितल्यावरून त्याच्या घरच्या ट्रंकेत कंपनीचं पत्र मिळालं, पंचनामा झाला, आणि त्याच दुपारी पत्ता वकिलातीला गेला.

आठवड्यानं बाईचा नवरा सापडला. कंपनीचे गोरे अधिकारी पहिल्या विमानांनी निघून गेले होते. त्याचा पासपोर्ट कंपनीच्या ऑफिसात कुलूपबंद, आणि आमचा माणूस अजून गेटवर पहारा देत होता. कुणी 'जा' म्हणालं नव्हतं, म्हणून. शर्टाच्या बाहीवर दोन झेंडे शिवलेले होते. स्फोटानं एक कान गेला, तो गेलाच.

केस अजून चालू आहे. आरोपी जामिनावर सुटलाय, रामनगरात भेटला तर मला नमस्कार करतो. करार करणारे नवे करार करताहेत. तेल जपायला कागद आहेत, टाक्यांना नंबर आहेत, आणि टाकीसमोर उभ्या केलेल्या माणसाचं नाव लिहायला कुणाला जागा सापडली नाही. त्याचं नाव दर सोमवारी घेत होता एक म्हातारा. या केसनं मला शिकवलं ते एवढंच, की दारात आलेल्या माणसाला आधी नाव विचारायचं आणि ते लिहून घ्यायचं.

तो परत आला तेव्हा गाऱ्हाणं फेडायला मलाही बोलावलं. नारळ फोडण्याआधी बुधवंत माझ्याकडं वळला. "सायेब, ह्यात तुमीबी हाय. नाव सांगा, बापाचं सांगा. काय केलंसा ते सांगा."

मी नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं. ती बाई समोर उभी होती, नवऱ्याच्या बऱ्या कानाच्या बाजूला.

"ही पहिल्यांदा ठाण्यात आली," मी म्हणालो, "तेव्हा हिचं नाव लिहून न घेता मी हिला परत पाठवलं."

सगळ्या गावानं एका आवाजात म्हटलं, "व्हय म्हाराजा."