कयाधूकाठचं निरोगी गाव

पूर्णेला मोठी गाडी सोडली आणि मीटरगेजच्या छोट्या गाडीत बसले तेव्हा नुकतं उजाडत होतं. माघाचं धुकं इतकं दाट होतं की गाडी रुळांवरून चालली आहे की दुधातून, ते कळेना. खिडकीत मधूनच एखादं बाभळीचं झाड यायचं, आपली ओळख न देता निघून जायचं. वसमत येईपर्यंत धुक्याला पिवळा वास सुटला. वासाला रंग नसतो हे मला ठाऊक आहे, पण हळद शिजवण्याच्या दिवसांत त्या भागात जो गेला असेल त्याला मी काय म्हणते ते पटेल.

मी पुण्याच्या एका सरकारी कार्यालयात काम करत होते. हिंगोली जिल्हा होऊन तेव्हा दोन-एक वर्षंच झाली होती. तिथली तीन आरोग्य उपकेंद्रं (दोन खोल्या, एक नर्स, आजूबाजूची चार-पाच गावं) पाहायची आणि प्रत्येकाचा एक छापील तक्ता भरून आणायचा, एवढंच माझं काम. ज्या उपकेंद्रात रुग्ण येत नाहीत ते तिथून उचलून मोठ्या रस्त्यावरच्या गावात न्यायचं घाटत होतं. तक्त्यातला सातवा रकाना त्यासाठीच होता : 'भेटीच्या वेळी उपस्थित रुग्ण'. हे गावात बोलायचं नाही, असं मला बजावलेलं होतं.

सामानाची यादी मी नेहमीप्रमाणे आदल्या रविवारी केली होती. विजेरी, सुईदोरा, दोन पेनं, पोटाच्या गोळ्या, पाण्याची बाटली, जुन्या वर्तमानपत्राचे कागद. सगळं घेतलं होतं. बूट मात्र यादीत नव्हते. त्याचं पुढे येईलच.

पहिली दोन केंद्रं सोपी गेली. हट्ट्याजवळच्या केंद्रात बाया लेकरं घेऊन दाराबाहेरपर्यंत बसल्या होत्या. मागच्या शेतात मोठ्या कढईत हळद शिजत होती आणि तिची वाफ थेट औषधांच्या कपाटापर्यंत येत होती. रात्री हिंगोलीच्या विश्रामगृहात झोपले. दुसऱ्या दिवशी कनेरगाव नाक्याकडचं केंद्र पाहिलं. परतताना तिथल्या ढाब्यावर वाफाळता चहा पीत वाशीमकडे जाणारे ट्रक पाहत इतका वेळ बसले, की ढाब्यावरच्या माणसानं विचारलं, "बाई, कुनाची वाट पाहून राहिल्या?" कुणाचीच नाही, म्हटलं. त्याला ते खरं वाटलं नसावं.

तिसरं केंद्र आखाडा बाळापूरच्या पुढे, कयाधूच्या काठी. बाळापूरला बाजाराचा दिवस होता. एसटीतून उतरले आणि मिरच्यांच्या ढिगांमधून वाट काढत टेम्पोपर्यंत पोहोचले. टेम्पोनं कच्च्या रस्त्यानं गावाच्या तोंडाशी सोडलं. धुकं विरलं होतं, पण ऊन अजून पातळच होतं. त्या उजेडात समोरचं उपकेंद्र कुणीतरी नुकतंच आठवून काढल्यासारखं दिसत होतं. पांढराशुभ्र ताजा चुना, दारात रांगोळी, चौकटीला आंब्याचे टहाळे.

सरपंच मारोतराव पुढे आले. साठीचे, टोपी कडक, आवाज त्याहून कडक.

"या मॅडम, या. काई तकलीफ तर न्हाई झाली रस्त्यात?"

आत खाटेवर नवी चादर. टेबलावर झेंडूचा हार, शाल, नारळ. कोपऱ्यात नर्स उभी होती, सुमनबाई. गाव त्यांना सिस्टर म्हणत होतं. चाळिशीच्या, सडपातळ, आणि त्यांच्या पायाशी लसीचा निळा डबा. त्या सारख्या डब्याकडे पाहत होत्या.

आणि रुग्ण? एकही नाही. बाकावर नाही, ओट्यावर नाही, रस्त्यावरही नाही. इतकी शांतता की भिंतीवरचा चुना वाळल्याचा आवाज यावा.

"रोज किती जण येतात, सिस्टर?" मी विचारलं.

त्यांनी तोंड उघडलं, पण मारोतराव आधी बोलले. "गाव लई निरोगी हाय, मॅडम. एक मानूस सापडनार न्हाई तुमाला आजारी!"

मागे उभ्या चार-पाच जणांनी अभिमानानं माना हलवल्या. सुमनबाईंनी दारातल्या उन्हापासून डबा आत सरकवला. गावच्या पाहुणीसमोर सरपंचांना खोटं कसं पाडणार?

मी पेन काढलं आणि सातव्या रकान्यात शून्य लिहिलं. नीट, गोल, शाईनं. ते लिहिताना सिस्टरची नजर माझ्या हाताशी आली आणि तिथेच थांबली. केंद्र रस्त्यावरच्या गावात न्यायची कुणकुण त्यांच्या कानावर गेलेली होती, हे मला तेव्हा समजलं.

मग शाल झाली, नारळ झाला, मारोतरावांचं भाषण झालं. गावानं जागा फुकट दिली, भिंतीला चुना गावानं लावला, असं ते सांगत राहिले. भाषण संपता संपता सिस्टर माझ्या कानाशी आल्या.

"मॅडम, माफ करा. डब्यातला बर्फ पघळून राहिला. आज लसीचा दिवस आहे, मला वाड्यावर जावं लागेल."

वाडा म्हणजे शेतात बसवलेला मेंढरांचा कळप आणि त्यामागचं धनगराचं बिऱ्हाड. पीक निघालं की शेतकरी धनगरांना बोलावतात. मेंढरं चार-आठ रात्री रानात बसतात, लेंडीखत पडतं, आणि मग वाडा पुढच्या शेतात सरकतो. बिऱ्हाडातल्या लेकरांना डोस द्यायचा तर वाडा आज कुणाच्या रानात आहे ते आधी कळावं लागतं.

गावातून परतीची एसटी संध्याकाळी सहाला होती. "मीही येते," म्हटलं.

मारोतरावांचा चेहरा एकदम उतरला. "काहून मॅडम? तिकडं काय हाय? नुसती मेंढरं!"

आम्ही निघालो. कापूस उपटलेली रानं, मधून मधून निसवलेली, कणसं धरलेली ज्वारी, तिच्यावर हलणारं धुरकट ऊन. दूर कुठेतरी हळद शिजत होती आणि तो वास पुन्हा आमच्याबरोबर चालू लागला. कयाधूचं पाणी पातळ झालं होतं, ढोपराइतकंच. पाण्यात उतरल्यावर वरच्या अंगाला घंटा ऐकू आल्या, एक, मग पाच, मग मोजता येऊ नयेत इतक्या. मोजणं थांबवलं की मला सहसा बेचैन वाटतं. त्या दिवशी वाटलं नाही. पाय गार, डोकं उन्हात, आणि पलीकडच्या काठावर राखाडी ढग जमिनीवर उतरून रवंथ करत बसलेला.

काठ चढताना चपलेतून बाभळीचा काटा आरपार गेला. मी खालीच बसले.

"हळू मॅडम, आलंच. तो लिंब दिसतो ना, तिथंच," सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या खांद्याला धरून लंगडत त्या कडुलिंबापर्यंत गेले आणि तिथे थबकले.

लिंबाखाली गाव बसलं होतं.

पायाला फडकं बांधलेला म्हातारा. आठवा महिना लागलेली सून आणि तिची सासू. कानाला कापूस लावलेली बाई, तापानं लाल झालेली दोन पोरं, खोकणारे तिघेजण आणि कडेवरची लेकरं, धनगरांची नि गावातली. मला पाहताच खोकणाऱ्यांनी पदर नि पागोटी तोंडावर धरली. कुणीतरी उठून पळायच्या बेतात होतं.

"बसा रे!" वाड्यातली एक म्हातारी ओरडली. धोंडाबाई तिचं नाव, कपाळावर मोठं कुंकू, मांडीवर शेळीचं पिल्लू. "आली ती आता. काय झाकता?"

"तुम्ही सगळे इथं कसे?" मी विचारलं.

"सरपंचानं सांगितलं, माय. सरकार येऊन राहिलं, कोनी खोकू नका, दवाखाना साफ दिसू द्या. शाळा तपासाया सायब येतात तवा पोरांना कशी कापडं धुऊन बसवतात? तसं. समदे सकाळधरनं दुखनं घिऊन इकडं बसले."

सगळे हसले. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी डबा उघडून आतल्या बर्फाच्या पाकिटाला हात लावला, अजून निम्मं घट्ट आहे असं पाहिलं आणि कामाला लागल्या.

धोंडाबाईनं माझा पाय आपल्या मांडीवर ओढला. पिल्लाला जागा सोडावी लागली, ते चिडलं. माझ्याच सुईदोऱ्यातली सुई घेऊन तिनं काटा काढला आणि माझ्यासमोर धरला. "ह्यो बघा तुमच्या तपासनीचा!" मग सिस्टरनी औषध लावलं आणि त्याच निळ्या डब्यातून धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. माझ्या सत्कारात जो बर्फ वितळत होता, त्याच्याच शेवटच्या गारव्यातलं.

चुलीवर शेळीच्या दुधाचा चहा झाला. ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा. मी भाकरी मोडत सिस्टरची वही पाहिली. साधी दोनशे पानी वही. दर तारखेसमोर गाव नव्हतं, रान होतं : किसनचं रान, नदीकाठचं रान, पाटलाचा माळ. त्याखाली नावं, लेकरू कितव्या महिन्याचं, पुढचा डोस कधी, वाडा तेव्हा कुठे असेल. आयुष्यभर याद्या करत आलेल्या माणसानं हेवा करावा अशी ती यादी होती. माझ्या तक्त्यात तिच्यासाठी जागाच नव्हती.

"हे केंद्र रस्त्यावर गेलं तर?" मी विचारूनच टाकलं. बोलायचं नव्हतं ते बोलले.

सिस्टरनी डब्याचं झाकण लावलं. "मी जाईन की. नोकरी आहे. बाळापूरहून येईन जमेल तेव्हा. पण हिला," त्यांनी आठव्या महिन्याच्या सुनेकडे पाहिलं, "हिला नऊ किलोमीटर जावं लागेल. ही जाणार नाही. घरीच राहील."

धोंडाबाईनं ऐकलं. "एक इचारू का बाई? ह्या गावाला एसटी येती. चार मानसं असली तरी येती, रिकामी असली तरी येती. ती म्हनती का, तुमी रस्त्यावर येऊन ऱ्हावा? मंग दवाखान्यालाच काहून पाय फुटले?"

वाऱ्यानं लिंबाची पिवळी पानं मेंढरांच्या पाठीवर पडत होती आणि मेंढरं ती झटकतही नव्हती. मी भाकरीखालचा जुन्या वर्तमानपत्राचा कागद बाजूला ठेवला, कोरा ताव घेतला आणि लिंबाखालच्या एकेकाचं नाव, गाव, दुखणं लिहायला बसले. बेचाळीस झाले. मग पायाकडे लक्ष गेलं आणि त्रेचाळिसावं नाव माझं लिहिलं : उजवा तळपाय, काटा, उपचार मिळाला.

सहाच्या एसटीला मारोतराव सोडायला आले. गुन्हा पकडला गेल्यासारखे उभे होते. "मॅडम, आमाला वाटलं, आजारी गाव दाखवनं बरं दिसत न्हाई."

"तुमचं चुकलं नाही," मी म्हटलं. "घरी पाहुणे आले की पसारा आपणही आतल्या खोलीत ढकलतो." गाडी सुटली तेव्हा बाहेर पुन्हा धुकं उतरू लागलं होतं आणि चुना लावलेलं ते केंद्र सगळ्यांत आधी त्यात विरघळलं.

पुण्याला आल्यावर साहेबांनी तक्ता पाहिला. "सातव्यात शून्य, आणि सोबत त्रेचाळीस जणांची यादी? दोन्ही कसं खरं?"

"दोन्ही खरं आहे," मी म्हटलं. शून्य मी खोडलं नव्हतं. त्याखाली एवढंच लिहिलं होतं : 'भेटीच्या सन्मानार्थ रुग्ण गावाबाहेर बसले होते. नर्स त्यांच्याकडे गेली.' साहेबांनी ते दोनदा वाचलं. मीही त्या रात्री घरी विचार करत होते. तक्ता विचारतो, लोक सरकारकडे किती आले. नदी ओलांडून सरकार लोकांकडे किती गेलं, हे विचारायचं काम कुणाचं? पगार, डबा, बर्फ, लस, सगळं सरकारचं. मग वाट कोणी चालायची, हाही प्रश्न सरकारचाच की.

फाईल बरेच महिने फिरली. शेवटी 'तूर्त स्थलांतर नको' एवढा शेरा पडला. मी तो सिस्टरना कळवला आणि लिहिलं, की पुढच्या माघात पुन्हा पाहायला यायचा विचार आहे, तारीख आधी कळवीन.

उत्तराला पोस्टकार्ड आलं. सुनेला मुलगी झाली, केंद्रातच, दोघी ठीक, असं होतं. वाडा सध्या नदीपलीकडे आहे. आणि खाली, जागा संपत आलेली असताना, बारीक अक्षरात :

'मॅडम, जरूर या. पण तारीख कळवू नका. कळवली की गाव बरं होतं.'