लिलावातली गाडी
आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, जवळ आली की मला तापलेल्या रेक्झिनचा आणि पेट्रोलचा वास आठवतो. देवपुरात राहत असताना मी पोलिसांची एक जुनी ॲम्बेसेडर लिलावात घेतली होती. पांढरा रंग मारून घेतला, तरी ऊन तिरपं पडलं की दारावरची 'पोलीस' ही अक्षरं त्याखालून हळूच वर यायची. नव्वदच्या आसपास अशाच एका आखाजीला वडिलांना शेजारी बसवून मी चोपड्याजवळच्या एका गावी मुलगी बघायला गेलो. सणाच्या रिवाजाप्रमाणे कडुनिंबाखाली जुगार रंगला होता. आमची गाडी वळताना दिसली मात्र, पत्ते धुळीत टाकून सगळे केळीच्या बागेत पसार! आम्ही बापलेक ओशाळून उभे. तेवढ्यात झोक्यावरून एक मुलगी उतरली आणि बागेकडे तोंड करून ओरडली, "आबा, बाहेर या! पोलीस नही, पाव्हना शेतस!" जिला बघायला आलो होतो, ती हीच. गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन तिचे वडील बाहेर आले. जेवताना ते सारखे गाडीकडेच बघत होते. मला सांजोरी गोड लागेना. निघताना गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "पोर देस. पन हाई गाडी गावमा आननी नही." ती गाडी कधीच भंगारात गेली, आबाही गेले. बायकोला आखाजीला माहेरी सोडायला जातो, तेव्हा नवी गाडीही मी गावाबाहेरच उभी करतो. ती पाहून केळीत पळणारं आता कोणी उरलेलं नाही.