तिसऱ्या रकान्याचा खुलासा

विद्यापीठाच्या ग्रंथालयात दुसऱ्या मजल्यावर, झेरॉक्सच्या खोलीला लागून तिचं टेबल होतं. संशोधकांनी आपली आकडेवारी सगळ्यांसाठी खुली कशी करावी हे त्यांना शिकवणं, हे तिचं काम. खरं सांगायचं तर मोठमोठ्या विद्वानांच्या मागे हात धुऊन लागणं. कोणत्या रकान्यात काय मोजलं, कशानं मोजलं, जागा रिकामी का राहिली, हे सोबतच्या टिपणात लिहिल्याशिवाय ती एकही फाइल पुढे जाऊ देत नसे. "मला कळतंय ना, बास झालं," असं कुणी म्हणालं की ती शांतपणे विचारायची, "आणि तुम्ही नसाल तेव्हा?" कुलगुरूंची फाइलसुद्धा तिनं दोनदा परत पाठवली होती. सगळे तिला पाठीमागे खुलासाबाई म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही.

तिचा नवरा त्याच विद्यापीठात मधमाश्यांवर संशोधन करायचा. एकोणीस वर्षं, दर आठवड्याला चाळीस पेट्या उघडून नोंदी. बायकोच्या प्रशिक्षणाला मात्र पठ्ठ्या एकदाही फिरकला नाही. "घरातच तज्ज्ञ असताना वर्गात कशाला बसू?" म्हणायचा. तीही काही कमी नव्हती. घरी कामाचं बोलायचं नाही, असा तिचा दंडक होता.

एका रविवारी ती भाजी निवडत बसली होती. तो समोर येऊन बसला.

"अगं, माझ्या नोंदींतल्या त्या तिसऱ्या रकान्याचं तुला सांगून ठेवतो. लिहून घेतेस?"

"घरी मी कुणाची मदतनीस नाही," ती हसत म्हणाली. "ऑफिसात या. रीतसर वेळ घ्या. वशिला चालणार नाही."

"बरं बाई, तुमचं राज्य," तोही हसला, आणि त्यानं खरंच वेळ घेतली. बुधवार, सकाळी अकरा. मंगळवारी दुपारी पेट्यांपाशीच तो कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. बुधवारी संध्याकाळी तिच्या ऑफिसच्या यंत्रणेनं त्याला आपसूक मेल पाठवली : आपण आला नाहीत, कृपया नवी वेळ घ्यावी. खाली तिचं नाव होतं.

चार महिन्यांनी त्याची विद्यार्थिनी त्याच्या नोंदींची फाइल घेऊन आली. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात पेटीचा क्रमांक, तिसऱ्याला नुसतं 'खूण' असं नाव आणि खाली शून्य ते चार आकडे. सगळ्या अभ्यासाची भिस्त त्यावरच. दोघींनी त्याच्या वह्या चाळल्या, कपाटं उपसली, घर पालथं घातलं. एका ओळीतही उलगडा नव्हता.

"काकू, माश्यांचा चिडकेपणा असणार," विद्यार्थिनी म्हणाली. "चार म्हणजे खूप चिडलेल्या. बऱ्यापैकी जुळतंय. तेवढं लिहा ना. नाहीतर सरांची एकोणीस वर्षं वाया जातील. कुणाला कळणार आहे?"

तिनं 'चिडकेपणा' असं टाइप केलं. फार सोपं होतं ते. कुठला तरी परका संशोधक विश्वासानं ते वाचेल, त्यावर इमले रचेल, आणि ते चुकलं तर नाव नवऱ्याचं जाईल. त्यानं आयुष्यात एक आकडा अंदाजानं लिहिला नव्हता. तिनं शब्द खोडला. आता ही फाइल कुणाच्या फारशी उपयोगाची राहणार नाही, हे तिच्याइतकं कुणाला कळत होतं?

मग तिनं लिहिलं : "रकाना तीन, खूण. अर्थ माहीत नाही. नोंदी करणारा मला तो अर्थ सांगायला आला होता. मी ऐकून घेतलं नाही." खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं.

"काकू, असं कुणी लिहितं का?"

"खुलासा पूर्ण हवा," ती म्हणाली. एवढं बोलली आणि त्या टेबलावर डोकं टेकून, ऑफिसची वेळ असताना, सगळ्यांदेखत हमसून हमसून रडली.