ईशान्येची विहीर

परवा नागावला शेजारच्या वाडीत पर्यटकांच्या खोल्यांसाठी बोअर मारत होते. उपसलेल्या ओल्या मातीचा वास आला आणि आमच्या विहिरीला पाणी लागलं ती सकाळ माझ्यासमोर उभी राहिली.

तोवर आई लांबून डोक्यावर हंडे आणायची. बाबांना विहीर स्वयंपाकघराजवळ, पश्चिमेला हवी होती. मोठे काका मात्र हटून बसले होते. "वास्तुशास्त्र काय सांगतं? पानी ईशान्येलाच!" दोघं इरेला पेटले. शेवटी आई म्हणाली, "लांब आसली तरी चालंल, पन पानी गोड लागू दे."

त्या सकाळी ईशान्येच्या कोपऱ्यात खणलेल्या खड्ड्यातून गडी ओरडला, "पानी लागलं!" आम्ही सगळे काठाकडे धावलो. समुद्र इतका जवळ, खारं निघालं तर सगळं फुकट! गढूळ पाण्याची पहिली बादली वर आली. आईनं ओंजळ भरून तोंडात घेतली.

"गोड हाय!" ती जवळजवळ किंचाळलीच. काकांनी बाबांना मिठी मारली आणि दोघं चिखलात नाचायला लागले.

तेव्हा मला तो शास्त्राचा चमत्कार वाटला होता. आज कळतं, आमच्या वाडीचा तो कोपरा समुद्रापासून सगळ्यात लांब होता. पण मला आता जास्त आठवते ती आई. पाणी निवळल्यावर काकांनी सगळ्यांना द्यायला तिच्या हातात भरलेला तांब्या दिला. रोज सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या आईनं तो उभ्या उभ्या एकटीनं रिकामा केला, पदरानं तोंड पुसलं आणि हसत म्हणाली, "आता तुमी घ्या."